एक लाख कोटींचं आरमार

१९८१ सालच्या जुलैच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियातल्या सॅन मटेओ शहरात एक स्पर्धा भरली होती. खेळ कागदावरचा. प्रत्येक खेळाडूला काल्पनिक चलनात एक लाख कोटी क्रेडिट मिळत. तेवढ्या पैशात अवकाशयानांचं आरमार उभं करायचं आणि समोरच्याच्या आरमाराशी लढवायचं. कोणतं यान किती मोठं, कशाला किती चिलखत, किती तोफा, केवढं इंजिन, हे सगळं खेळाडूनेच ठरवायचं. ‘ट्रॅव्हलर’ नावाच्या खेळावर आधारलेली ही स्पर्धा होती आणि तिचं नाव होतं ‘ट्रिलियन क्रेडिट स्क्वाड्रन’.

बहुतेकांनी आणली होती मोजकी, मोठी, वेगवान आणि देखणी यानं. सिनेमात असतात तशी. एका माणसाने मात्र ९६ यानं आणली. त्यातली बहुतेक लहान, संथ आणि जाड चिलखताची होती, आणि छोट्या छोट्या शस्त्रांनी गच्च भरलेली. आरमार कसलं, पत्र्याच्या डब्यांची रांगच ती. लोक हसले. पण एकेक सामना होत गेला तसं हसू मावळलं. त्या डब्यांनी स्पर्धा जिंकली.

तो माणूस म्हणजे डग्लस लेनाट, स्टॅनफर्ड विद्यापीठातला संगणकशास्त्रज्ञ. त्याआधी तो हा खेळ कधी खेळलेलाही नव्हता. आरमार त्याने एकट्याने आखलं नव्हतं. ‘युरिस्को’ नावाच्या त्याच्या संगणक-प्रोग्रामचा त्यात मोठा वाटा होता. रात्रभर युरिस्को आरमारं बनवायचा, आपापसात लढवायचा, हरलेलं टाकून जिंकलेल्यात बदल करायचा. सकाळी लेनाट येऊन निकाल बघायचा, फालतू कल्पना छाटायचा आणि पुन्हा प्रोग्राम सोडून द्यायचा.

ही गोष्ट कृत्रिम बुद्धिमत्तेच्या इतिहासात नेहमी सांगितली जाते. पण मला तिच्यात आणखी एक इतिहास दिसतो. आपलं यान आपणच बांधायचं आणि ते शक्य तितक्या खऱ्या नियमांनी चालवायचं, अशा खेळांचा हा इतिहास आहे. आज तो ६० वर्षांहून जुना आहे. वर वर पाहिलं तर तो ग्राफिक्सचा आणि प्रोसेसरचा इतिहास वाटेल. मला तो वहीचा इतिहास वाटतो. या खेळांच्या हिशोबाच्या वहीत दर काही वर्षांनी एक नवा रकाना वाढत गेला. कोणता रकाना कधी आला आणि कोणता फार उशिरा आला, हे पाहिलं की खेळांबद्दल कळतं, आणि थोडंसं आपल्याबद्दलही.

पहिला रकाना: जडत्व

१९६२ साली एमआयटीमध्ये स्टीव्ह रसेल आणि त्याच्या मित्रांनी पीडीपी-१ या संगणकावर ‘स्पेसवॉर’ नावाचा खेळ लिहिला. गोल पडद्यावर दोन यानं. एक सुईसारखं, एक पाचरीसारखं. मध्ये एक तारा. यान वळवायचं, इंजिन पेटवायचं, टॉर्पेडो सोडायचा. बस.

पण या साध्या खेळात एक विलक्षण गोष्ट होती. इंजिन बंद केलं तरी यान थांबत नसे. रस्त्यावर गाडीचा अ‍ॅक्सिलरेटर सोडला की ती हळूहळू थांबते, कारण रस्ता आणि हवा तिला अडवतात. अवकाशात अडवणारं कोणी नाही. थांबायचं असेल तर उलटं तोंड करून तेवढंच इंजिन पुन्हा पेटवायला हवं. न्यूटनने तीनशे वर्षांपूर्वी सांगितलेलं हे तत्त्व आपण शाळेत पाठ करतो. स्पेसवॉरमध्ये ते बोटांना शिकावं लागायचं. पुढे डॅन एडवर्ड्सने ताऱ्याचं गुरुत्वाकर्षण घातलं. पीटर सॅमसनने पार्श्वभूमीला खऱ्या आकाशातले तारे त्यांच्या खऱ्या जागी मांडले.

यातला मला सर्वांत आवडणारा तपशील वेगळाच आहे. गुरुत्वाकर्षण यानांना ओढायचं, टॉर्पेडोंना नाही. कारण साधं होतं: प्रत्येक टॉर्पेडोचं गणित करण्याइतकी ताकद त्या संगणकात नव्हती. म्हणजे वास्तवालाही बजेट होतं. सगळंच मोजता येत नाही म्हटल्यावर काय मोजायचं आणि काय सोडून द्यायचं, हे कोणीतरी ठरवलं. हा प्रश्न पुढच्या प्रत्येक खेळात पुन्हा येतो.

रसेलच्या डोक्यात हे खूळ शिरलं ते ई. ई. स्मिथ यांच्या अवकाशकादंबऱ्या वाचून. गंमत अशी की स्मिथ यांच्या ‘लेन्समन’ मालिकेतल्या यानांनी जडत्वावर मात केलेली असते. एक यंत्र सुरू केलं की यानाचं जडत्वच नाहीसं होतं आणि ते प्रकाशापेक्षा जोरात पळतं. त्या कादंबऱ्यांच्या नादाने मुलांनी लिहिलेल्या खेळात मात्र सगळी मजा जडत्वाचीच होती.

दुसरा रकाना: इंधन

१९७३ साली अमेरिकेतल्या जीडीडब्ल्यू या नव्या कंपनीने एक पटावरचा खेळ काढला. नाव ‘ट्रायप्लॅनेटरी’, म्हणजे पुन्हा स्मिथ यांच्याच एका कादंबरीचं नाव. खेळ रचला होता मार्क मिलर आणि जॉन हार्शमन यांनी.

पट म्हणजे सूर्यमालेच्या आतल्या भागाचा नकाशा, षटकोनी घरांचा. यानाची वाट पटावर मेणाच्या पेन्सिलीने काढायची आणि खेळ संपल्यावर पुसून टाकायची. नियमाचा गाभा एका वाक्यात सांगता येतो. मागच्या डावात यान जितकी घरं ज्या दिशेला गेलं, या डावात ते तितकीच घरं त्याच दिशेला जाणार. त्यात एका घराचा बदल करायचा असेल तर इंधनाचा एक गुण खर्च करा. ग्रहाच्या शेजारच्या घरांतून गेलात तर ग्रह तुमची वाट एका घराने स्वतःकडे वाकवणार, आणि तेही फुकटात.

एवढ्या नियमांतून जे उभं राहतं ते थक्क करणारं आहे. शत्रू दिसला म्हणून त्याच्याकडे धावत सुटता येत नाही. धावलात तर त्याच्या शेजारून सुसाट निघून जाल आणि थांबायला इंधन उरणार नाही. पाच डाव पुढचा विचार आज करावा लागतो. ज्याच्याकडे इंधन शिल्लक आहे त्याच्याकडे पर्याय शिल्लक आहेत. ज्याचं संपलं, तो अजून जिवंत असला तरी त्याची वाट ठरून गेलेली असते.

इथे थोडं गणित लागतं, पण सोपं आहे. रशियन शिक्षक कॉन्स्तान्तिन त्सिओल्कोव्हस्की यांनी १९०३ साली रॉकेटचं सूत्र प्रसिद्ध केलं. यान आपला वेग एकूण किती बदलू शकेल याला आज सगळे ‘डेल्टा-व्ही’ म्हणतात. मी त्याला यानाची ऐपत म्हणतो. ही ऐपत दोन गोष्टींवर ठरते: इंजिनातून बाहेर पडणाऱ्या वायूचा वेग, आणि भरलेल्या यानाच्या वजनाला रिकाम्या यानाच्या वजनाने भागून येणारी संख्या. यानाला वायूच्या वेगाइतकीच ऐपत हवी असेल तर भरलेलं यान रिकाम्याच्या २.७ पट जड हवं. दुप्पट ऐपत हवी तर ७.४ पट. तिप्पट हवी तर २० पट.

कारण उघड आहे. जास्तीचं इंधन वाहून न्यायलाही इंधन लागतं, आणि त्या इंधनालाही इंधन. लांबच्या प्रवासाला निघालेल्या बैलगाडीत बैलांचा सगळा कडबा घरूनच भरून घ्यायचा आणि वाटेत एकही कुरण नाही, अशी कल्पना करा. काही कोसांनंतर गाडीत कडब्याशिवाय दुसरं काही मावतच नाही.

म्हणून खऱ्या भौतिकशास्त्रावर चालणाऱ्या खेळात यान बांधणं म्हणजे सजावट नसते. दहा टन चिलखत जास्त लावलं की ऐपत घटते, ऐपत घटली की काही ग्रह आवाक्याबाहेर जातात, आणि ग्रह आवाक्याबाहेर गेले की युद्धाचा आराखडाच बदलतो. डावपेच कारखान्यातच ठरून जातात.

तिसरा रकाना: पैसा

त्याच मार्क मिलर यांनी १९७७ साली ‘ट्रॅव्हलर’ काढला. पुढे त्याला युद्धनौका बांधण्याच्या नियमांची ‘हाय गार्ड’ ही पुस्तिका जोडली गेली. हिच्यातली लढाई पटावर, वाटा आखून होत नाही. ती बरीचशी तक्त्यांवर आणि फाशांवर चालते. म्हणजे जडत्वाचा रकाना इथे जवळपास गायब झाला. त्याऐवजी बांधकामाचा हिशोब आला: प्रत्येक भागाचं आकारमान, त्याला लागणारी ऊर्जा, त्याची किंमत. मुलं रात्र रात्र जागून कागदावर यानं बांधायची. कित्येक यानं कधीच लढली नाहीत. बांधणं हाच खेळ होता.

युरिस्को या हिशोबात शिरला तेव्हा त्याला एक फायदा होता. यान कसं दिसायला हवं, याचा त्याच्या मनावर कसलाही संस्कार नव्हता. शौर्य, दिमाख, आरमाराचा मानबिंदू असलेली एक मोठी नौका, हे शब्द त्याच्या वहीत नव्हतेच. नियमांत जे लिहिलं होतं तेवढंच त्याच्यासाठी जग होतं. त्या जगात पत्र्याचे ९६ डबे हे बरोबर उत्तर होतं. एखादं यान इतकं छोटं आणि इतकं चपळ ठेवायचं की त्याला नेम लागणं जवळपास अशक्य व्हावं, असलीही उत्तरं त्याला सापडली.

संयोजकांना हे रुचलं नाही. १९८२ च्या स्पर्धेआधी त्यांनी नियम बदलले. आता आरमाराच्या चपळाईला महत्त्व आलं. संथ डब्यांची सद्दी संपावी हा हेतू. लेनाटने नवे नियम युरिस्कोला भरवले. युरिस्कोने उत्तर काढलं: मार खाल्लेली यानं मंदावतात आणि सगळ्या आरमाराची चपळाई खाली ओढतात, म्हणून अशी यानं आपली आपणच उडवून द्यावीत.

तो पुन्हा जिंकला. आता पुन्हा भाग घेतलास तर स्पर्धाच बंद करू, असं संयोजकांनी सुचवल्यावर लेनाटने माघार घेतली. त्याला सन्मान म्हणून ‘अ‍ॅडमिरल’ ही पदवी देण्यात आली. लेनाट २०२३ मध्ये वारला. हा किस्सा शेवटपर्यंत त्याच्या नावाला चिकटून राहिला.

आपलीच जखमी यानं उडवून देण्याची युक्ती पहिल्यांदा वाचली तेव्हा मला ती चलाख वाटली. मग एक बारीक प्रश्न मागे लागला. त्या यानांत माणसं होती ना? ‘ट्रॅव्हलर’च्या नियमांत खलाशी असतात. किती खलाशी लागतील, त्यांच्या राहण्याच्या खोल्यांना किती जागा आणि किती पैसे लागतील, हे सगळं मोजलेलं असतं. फक्त ते मेले तर विजयाच्या हिशोबात काही वजा होत नाही. युरिस्कोने क्रौर्य केलं असं मी म्हणणार नाही. क्रौर्याला आधी समोर माणूस दिसावा लागतो. तिथे तर तसा रकानाच नव्हता.

१९९३: रस्ता फुटतो

१९९३ साली ‘मास्टर ऑफ ओरायन’ आला. स्टीव्ह बार्सिया यांच्या सिमटेक्स कंपनीने तो बनवला, मायक्रोप्रोजने प्रकाशित केला. तारे शोधायचे, वसाहती करायच्या, साधनसंपत्ती काढायची, शत्रूला संपवायचं. या चार क्रियांच्या इंग्रजी शब्दांवरून अ‍ॅलन एमरिक या समीक्षकाने याच खेळाबद्दल लिहिताना जो शब्द वापरला, तोच पुढे ‘फोर-एक्स’ म्हणून अशा खेळांच्या अख्ख्या जातीला चिकटला.

त्यात यान बांधण्याचा पडदा होता, आणि मला वाटतं कित्येकांनी तो खेळ त्या पडद्यासाठीच खेळला. चार आकारांचे सांगाडे, त्यात मावेल तेवढंच सामान. आणि एक कडक नियम: एका वेळी सहाच रचना ठेवता येतात. सातवी हवी असेल तर एक जुनी मोडीत काढा, आणि ती मोडीत काढली की त्या रचनेची आकाशातली सगळी यानं भंगारात. नवं तंत्रज्ञान हाती आलं की जुन्या आरमाराचं काय करायचं, हा खऱ्या नौदलांना छळणारा प्रश्न या एका नियमाने खेळाडूच्या मांडीवर आणून ठेवला.

पण ‘ओरायन’मध्ये जडत्व नव्हतं. यानं ताऱ्यांमधून ठरावीक वेगाने सरकत आणि लढाई चौकटींच्या पटावर बुद्धिबळासारखी होई. त्याच वर्षी डेव्हिड ब्रेबन यांचा ‘फ्रंटियर: एलीट टू’ आला, तो बरोबर उलटा. त्यात न्यूटनचे नियम आणि खऱ्या मापाच्या ग्रहमाला होत्या. समोरासमोर आलेली दोन यानं प्रचंड वेगाने एकमेकांना ओलांडून जायची आणि वळून परत यायला वेळ लागायचा. अनेक खेळाडू वैतागले. वास्तव खरं होतं, पण विमानांच्या झुंजीची सवय लागलेल्यांना त्यात लढाईच सापडेना.

रस्ता इथे फुटला. एका बाजूला साम्राज्याचे मोठे खेळ, ज्यांत भौतिकशास्त्र सैल. दुसऱ्या बाजूला खरं भौतिकशास्त्र, ज्यात साम्राज्य नाही. दोन्ही एकत्र यायला पुढे बरीच वर्षं लागली.

चौथा रकाना: उष्णता

इंधन आणि जडत्वापर्यंत बहुतेकांचं लक्ष जातं. उष्णता कोणाला आठवत नाही. अवकाश थंड असतं असं आपण ऐकलेलं असतं, मग यान तापेल कसं?

थर्मासचा विचार करा. त्यातला चहा तासन् तास गरम राहतो, कारण दोन भिंतींमध्ये निर्वात पोकळी असते. अवकाशयान म्हणजे थर्मासमध्ये अडकलेली भट्टी. अणुभट्टी, इंजिन, संगणक, माणसं, सगळे उष्णता सोडत असतात आणि ती वाहून न्यायला भोवती हवाही नाही, पाणीही नाही. उष्णता फक्त किरणांच्या रूपात बाहेर पडू शकते. त्यासाठी पंखांसारखे मोठे पत्रे बाहेर काढावे लागतात. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर असे रेडिएटर आहेत. त्यांतून अमोनिया फिरवून आतली उष्णता बाहेर टाकली जाते.

२००४ साली केन बर्नसाइड यांच्या अ‍ॅड अ‍ॅस्ट्रा गेम्सने ‘अटॅक व्हेक्टर: टॅक्टिकल’ हा पटावरचा खेळ काढला. तिन्ही मितींतली हालचाल टेबलावर दाखवण्यासाठी त्यात यानांखाली थर रचायचे आणि कलते ठोकळे लावायचे. आणि त्यात उष्णतेचा रकाना होता. तोफ डागली की उष्णता साठते, साठलेली बाहेर टाकायला रेडिएटर उघडावे लागतात, आणि उघडे रेडिएटर हे नाजूक लक्ष्य.

२०१६ च्या ‘चिल्ड्रन ऑफ अ डेड अर्थ’ या संगणकावरच्या खेळाने हा विचार टोकाला नेला. इथे तयार तोफ उचलून लावायची नाही, तोफच बांधायची. कुठला धातू, नळी किती लांब, अणुभट्टी किती तापवायची, लेझरचा आरसा केवढा. मग सूर्यमालेतल्या खऱ्या ग्रहांभोवती खऱ्या गुरुत्वाकर्षणात लढायचं.

त्यातला एक पेच सांगतो. तापमान दुप्पट केलं की पृष्ठभागातून बाहेर पडणारी उष्णता सोळापट होते. म्हणजे रेडिएटर जितका तापलेला, तितका तो लहान आणि हलका करता येतो. मग तापवा की! पण अणुभट्टीतून वीज मिळते ती गरम आणि थंड बाजूंतल्या फरकामुळे. थंड बाजूच तापवली तर वीज घटते. वीज घटली की लेझर दुबळा. आणि लेझरमध्ये घातलेल्या विजेचा मोठा भाग शत्रूपर्यंत जातच नाही, तो आपल्याच यानात उष्णता म्हणून उरतो. एक दोरी ओढावी तर दुसरी ताणली जाते. बांधणाऱ्याची खरी परीक्षा ही.

उष्णतेच्या रकान्याने आणखी एक आवडती कल्पना मोडीत काढली: लपून बसण्याची. अवकाशाची पार्श्वभूमी निरपेक्ष शून्याच्या जेमतेम २.७ अंश वर आहे. माणसं राहू शकतील असं यान ३०० अंशांच्या आसपास. काळोख्या माळावर पेटलेली शेकोटी लपवता येत नाही, तसं हे. सिनेमातली दबा धरून बसलेली यानं इथे जगत नाहीत. सगळे सगळ्यांना दिसतात, आणि तरी कोणाला घाईने काही करता येत नाही. या खेळांमधल्या युद्धात धुमश्चक्री थोडी असते आणि वाट बघणं फार. मला ते कोणत्याही सिनेमापेक्षा जास्त भीतिदायक वाटतं.

हिरवी माणसं आणि मंगळयान

डेल्टा-व्ही हा शब्द एका अख्ख्या पिढीला शिकवला तो मात्र युद्ध नसलेल्या खेळाने. मेक्सिको सिटीतल्या ‘स्क्वाड’ या कंपनीत काम करणाऱ्या फेलिपे फालांघेने ‘कर्बल स्पेस प्रोग्रॅम’ बनवला. जून २०११ मध्ये तो पहिल्यांदा लोकांसमोर आला आणि एप्रिल २०१५ मध्ये त्याची पूर्ण आवृत्ती आली. हिरवी, डोळे विस्फारलेली छोटी माणसं, आणि टाक्या-इंजिनं एकावर एक चढवून बनवलेली रॉकेटं. त्यांचा ग्रह कर्बिन मुद्दाम लहान ठेवलेला आहे, त्रिज्या फक्त ६०० किलोमीटर, म्हणजे पृथ्वीच्या दहाव्या भागाहूनही कमी. त्यामुळे कक्षेत जायला पृथ्वीच्या मानाने बरीच कमी ऐपत पुरते. इथेही वास्तवाचं बजेट आखलं गेलं: नियम खरे ठेवले, माप लहान केलं.

ज्यांनी ‘कर्बल’ खेळलाय त्यांना मंगळयानाची गोष्ट वेगळी कळते. ५ नोव्हेंबर २०१३ ला मंगळयान श्रीहरिकोट्याहून निघालं ते पीएसएलव्ही या लहान रॉकेटवर. यानाचं वजन सुमारे १३३७ किलो, त्यातलं ८५० किलोच्या वर इंधन. रॉकेटमध्ये त्याला थेट मंगळाकडे फेकण्याची ताकद नव्हती. म्हणून यान पृथ्वीभोवतीच फिरत राहिलं आणि दर वेळी पृथ्वीच्या जवळ आलं की थोडं इंजिन पेटवून कक्षा लांबवत गेलं. वेगात असताना जाळलेल्या इंधनाचा मोबदला जास्त मिळतो, म्हणून जवळ आल्यावरच. ११ नोव्हेंबरच्या खेपेला हवा तेवढा वेग मिळाला नाही, तेव्हा दुसऱ्या दिवशी एक जादा खेप घेतली. १ डिसेंबरला २२ मिनिटं इंजिन चाललं आणि यान मंगळाच्या वाटेला लागलं. २४ सप्टेंबर २०१४ ला ते पोहोचलं.

बातम्यांत कौतुक झालं ते स्वस्ताईचं. मला कौतुक वाटतं ते रकान्यांच्या शिस्तीचं. हाताशी असलेलं रॉकेट, तेवढंच वजन, तेवढंच इंधन, आणि मंगळाची संधी साधारण २६ महिन्यांनी एकदाच येणार. खेळात आपण ज्याला पेच म्हणतो तो तिथे कामाचा दिवस होता.

शेवटचा रकाना

फुटलेले रस्ते अलीकडे पुन्हा जवळ आलेत. सप्टेंबर २०२२ मध्ये अर्ली अ‍ॅक्सेसमध्ये आलेल्या पॅव्होनिस इंटरॅक्टिव्हच्या ‘टेरा इनव्हिक्टा’मध्ये पृथ्वीवरचं राजकारण आहे, सात गट आहेत, परग्रहावरून आलेले जीव आहेत, आणि यान बांधताना इंजिन, वीजघर, रेडिएटर, टाक्या आणि डेल्टा-व्ही हेही सगळं आहे. एखाद्या लघुग्रहावरचं पाणी तिथे सोन्याहून मोलाचं ठरतं, कारण पृथ्वीवरून प्रत्येक टन वर नेणं महाग. आज बांधलेलं आरमार कित्येक महिन्यांनी पोहोचतं आणि तोवर जग बदललेलं असतं. फोर-एक्सचं साम्राज्य आणि ट्रायप्लॅनेटरीचं इंधन एका वहीत आलं.

पण शेवटी मला सांगायचंय ते दुसऱ्याच खेळाबद्दल. स्टीव्ह वॉल्म्सली या एका माणसाने वर्षानुवर्षं एकट्याने लिहिलेला, फुकट वाटलेला ‘ऑरोरा’. त्याची नव्याने लिहिलेली आवृत्ती २०२० मध्ये आली. दिसायला तो खेळ वाटतच नाही. खिडक्या, तक्ते, आकडे. कोणी मागून पाहिलं तर ऑफिसचं काम चाललंय असं वाटेल. जडत्वाच्या बाबतीत तो सैलच आहे, यानं एकदम पूर्ण वेग घेतात. पण यान बांधण्यात त्याचा हात कोणी धरणार नाही. इंजिनाचा आकार, इंधनाची बचत, शत्रूला दिसणारी उष्णता, चिलखताचे थर, सुटे भाग, सगळं ठरवावं लागतं.

आणि तिथे एक रकाना आहे: हे यान घरापासून किती महिने दूर राहणार? जितके महिने जास्त, तितकी खलाशांच्या राहण्याला जागा जास्त. जागा दिली नाही आणि मुदत उलटली, तर माणसं खचतात आणि यान नीट लढत नाही. यान फुटलं तरी हिशोब संपत नाही. वाचलेले खलाशी छोट्या जीवरक्षक कुप्यांत तरंगत राहतात. काही दिवसांत कोणी उचललं तर वाचले, नाहीतर गेले. उचलायचं तर आणखी एक यान तिकडे वळवावं लागतं, त्याचं इंधन जातं, आणि त्या वाचलेल्या माणसांची आपल्या यानात गर्दी होते, तिचाही परिणाम मोजला जातो. शत्रूची माणसंसुद्धा अशी उचलता येतात.

ज्या खेळात चित्र जवळपास नाही, त्यात मागे राहिलेल्या माणसांची नोंद आहे. युरिस्कोला हा खेळ दिला असता तर त्याने काय केलं असतं? कदाचित त्याने कुप्यांकडे पाठ फिरवणंच फायद्याचं ठरवलं असतं. पण निदान ती किंमत त्याला वहीत लिहावी तरी लागली असती.

वास्तववादी खेळ म्हणजे खरं गुरुत्वाकर्षण, खरी उष्णता, खरं इंधन असं आपण समजतो, आणि ते आहेच. न्यूटन पंच असला की वशिला चालत नाही आणि संयोजकांना नियम बदलता येत नाहीत. पण न्यूटन फक्त सांगतो काय शक्य आहे. मेलेला खलाशी वजा करायचा की नाही, हे कोणत्याही सूत्रात लिहिलेलं नसतं. ते रकाने आखणारा माणूस ठरवतो. १९८१ मध्ये रात्रभर हिशोब करणारा प्रोग्राम ही एका स्पर्धेतली गंमत होती. आज तसे प्रोग्राम आपली कर्जं, आपल्या नोकरीचे अर्ज आणि आपल्या डिलिव्हरीची मिनिटं जोखतात. त्यांनी काढलेलं उत्तर चलाख आहे का, हे विचारायला आपण शिकलोय. मी हल्ली आधी वही उघडून बघतो: त्यात रकाने कोणते आहेत, आणि जखमी यानातल्या माणसांचा आहे का?